रविवारची हाडं

मोरबी, ११ जुलै

आणि वरून तुम्हीच म्हणता, मी सोडून गेलो! गेलो ते गेलो, पण भिंत तर उचलून नाही नेली ना, बाबा? आंगण तुमचं, फाटक तुमचं, डोळे असे की अजून चष्म्याविना पेपर वाचता. कान गेले म्हणून जलेबी काय खाऊन राहिली तेही दिसत नाही का?

जयभीम खाली करतो. आधी भांडण पुरं करू द्या. फोनवर तुम्ही येत नाही, आलात तरी "काही ऐकू येत नाही" म्हणून फोन नीलिमा दीदीच्या हातात देता. पत्रात ती सोय नाही. पत्र कोणी कानानं वाचत नाही.

काल दीदीचा फोन आला. जलेबी उलट्या करून राहिली, संडासातून रक्त पडून राहिलं, पाण्याजवळ जाते आणि न पिता परत येते. आणि तुम्ही म्हणाले, "ज्याचं कुत्रं त्यानं पाहावं." दीदी जबलपूरच्या दुसऱ्या टोकाहून, विजय नगरहून, ऑटो करून रांझीला तुमच्याकडे पोचली, तेव्हा तुम्ही काय करून राहिले होते? शेजारच्या चौबे अम्माची रोटी ताटलीसकट उचलून तिच्या ओट्यावर परत ठेवून राहिले होते. वर म्हणाले, "घी लगा-लगा के हमारे कुत्ते को मारो मत." तुम्हाला तुमचा आवाज ऐकू येत नाही, पण गल्लीला येतो. दीदी म्हणाली, अम्मा दारात उभीच राहिली. हातातलं पीठ तिनं पदराला पुसलं आणि आत गेली.

काहून केलं असं? ती रोटी अम्माची नाही. ती चौबेबाबूजींची आहे. त्यांच्या घरची रीतच आहे, पहिली रोटी गाईची, शेवटची कुत्र्याची. बाबूजी होते तोवर जेवण झालं की स्वतः भिंतीवरून वाकायचे आणि म्हणायचे, "ले बिटिया, तेरी पगार." बाबूजी गेल्यावर अम्मानं ती रीत पुढे चालवली, एक दिवस खंड नाही. त्यांच्या तेराव्याच्या दिवशीसुद्धा रडून डोळे सुजलेले आणि हातात जलेबीची रोटी. ती खाऊन कुत्रं मरायचं असतं तर केव्हाच मेलं असतं.

आणि तिला तिचं नाव कोणी दिलं ते तरी आठवतं का? मी नववीत होतो. होतो म्हणजे नावाला होतो, दप्तर घेऊन निघायचो आणि नर्मदेवर ग्वारीघाटला नाववाल्या पोरांत जाऊन बसायचो. तिथं ते पिल्लू पायऱ्यांवर वाहून आलेलं खोबरं चाटून राहिलं होतं. दप्तरात घालून घरी आणलं. तुम्ही म्हणाले, "उद्या जिथून आणलं तिथं सोडून ये. घरात एक आवारा पुरे आहे." तेवढ्यात भिंतीवरून बाबूजींचं डोकं वर आलं. "अरे मोतीराम, पूँछ तो देखो इसकी. और रंग देखो. पूरी खोये की जलेबी है!" तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी हवेत बोट गोल-गोल फिरवून दाखवलं. आणि तुम्ही हसले. आई गेल्यापासून मी तुम्हाला हसताना पाहिलं नव्हतं. मला तेव्हाच समजलं, हे पिल्लू आता कुठं जात नाही.

फॅक्टरीत जातानाही तसंच. बाबूजी कायम तुमच्या उजव्या अंगानं सायकल चालवायचे, रस्त्याच्या बाजूनं. मागून ट्रक आला की तुमच्या हँडलला हात लावायचे. मी फाटकाशी उभा राहून पाहायचो, दोन सायकली जोडल्यासारख्या वळणापर्यंत जायच्या. घणाखाली काम करून तुमचे कान गेले, पण इतकी वर्षं तुम्हाला त्या रस्त्यावर साधं खरचटलं नाही. त्या माणसाच्या घरची रोटी तुम्ही परत केली.

जलेबीला उद्याच्या उद्या नेपियर टाउनच्या डॉक्टरकडे न्या. दीदी सोबत येते. दोन हजार तिच्या खात्यात टाकले. हे जलेबीचे आहेत, तुमचे नाहीत, म्हणून मागच्यासारखे परत करू नका. तुमच्यासाठी पाठवलेले परत आले तेव्हाच समजलो की तुम्हाला माझं काही चालत नाही. जलेबीला चालतं.

आता जयभीम. इथं बरं आहे. टाइल भट्टीतून निघते तिथं उभा राहतो, फुटकी वेगळी काढतो. गरम खूप होते. अजून टिकून आहे, हे मुद्दाम लिहितो.

सुमेध


मोरबी, २९ जुलै

बाबा, जयभीम.

दीदीनं एक्स-रेचा फोटो पाठवला. खोलीतले सगळे पाहून राहिले होते. ओडिशाचा एक पोरगा म्हणाला, "ये किसका बच्चा है?" मी म्हटलं, आमच्या घरचं आहे.

पोटात हाडाचे तुकडे. रोटी नाही, घी नाही, कोंबडीचं शिजवलेलं हाड. डॉक्टर म्हणाला ते दीदीनं जसंच्या तसं सांगितलं. शिजलेलं हाड दाताखाली फुटलं की सुया होतात. या वेळी औषधावर निभावलं. पुन्हा गेलं तर पोट चिरावं लागेल आणि या वयात ती टेबलावरून उठेल याची खात्री नाही.

हे वाचून मी लाइनवर गेलो तर चांगली टाइल फुटक्यात आणि फुटकी चांगल्यात. सुपरवायझरनं आईवरून शिवी दिली. नेहमीसारखा उलटा बोललो नाही. सूरतला अशाच शिवीवर साडीचं काम सोडलं होतं, पुण्याचं गोदामही असंच सुटलं. या वेळी गप्प राहिलो. जलेबीचे पैसे लागतात.

दुसरी गोष्ट दीदीनं आधी सांगितली नाही, मी खोदून काढली. कचरा गाडीशी गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. अम्मा म्हणाली, "हमारे यहाँ तो लहसुन तक नहीं आता. हड्डी किसके घर की है, भगवान जाने." आणि भगवान जाने म्हणताना तिनं आपल्या फाटकाकडे पाहिलं. तुम्हाला ऐकू आलं नाही. पण दीदी म्हणते, तुम्ही तिच्या तोंडाकडे पाहत होते. घरात आले, खाटेवर बसले, चपला तशाच पायात.

आता अम्मानं असं बोलावं का? रोटी परत केल्याचा राग असेल, समजतो. पण आपल्या घरातलं हाड आंगणात? आपल्या घरात?

मी डोळे मिटले की आपला रविवार दिसतो. सकाळी तुम्ही खोबरं आणि खसखस भाजायचे, पाट्यावर मसाला वाटायचे. गिरणीतला चालायचा नाही. मी म्हणायचो, बाबा मिक्सर घ्या. तुम्हाला ऐकू यायचं नाही, की ऐकून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. रस्सा असा लाल की भाकरी बुडवायला भीती वाटायची. नाक गळायचं, डोळे गळायचे, आणि तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणायचे, "काहून रडतं बे? नापास झाला तेव्हा तं नाही रडला." जलेबी दोघांच्या मधे. तिला रश्श्याआधी काढून ठेवलेल्या दोन फोडी, मीठ-मसाल्याविना. हाड नाही. मी एकदा दिलं तर तुम्ही माझ्या मनगटावर चमचा मारला होता. जेवण झालं की सगळी हाडं पेपरात, पेपर सुतळीनं बांधायचा, पुडी वर फळीवर, आणि सोमवारी कचरा गाडीत स्वतःच्या हातानं. आई होती तेव्हापासूनचा नेम. अशा घराकडे अम्मा पाहते!

आणि दीदी म्हणते, मी गेल्यापासून तुम्ही कोंबडी आणलीच नाही. "एकट्यासाठी पाटा कोण धुवंल" म्हणाले. हे मला आताच कळलं. मी इथं दर रविवारी कॅन्टीनची पिवळी डाळ खाताना समजत होतो की तिकडे तुमचं तरी बरं चाललं आहे.

हाड कुठून आलं मला काय माहीत. मी इतक्या दूर. कावळे आणतात. मांजरं आणतात. पावसात नालीतून वाहून येतं. तुम्ही कोणाला विचारत फिरू नका. अम्माच्या श्यामसुंदर भैयाला तर काहीच विचारू नका, तो बिचारा सकाळी कोचिंगच्या ऑफिसात जातो, संध्याकाळी येतो, तो कशात नाही. भिंतीवर जाळी लावून घ्या. रविवारी संध्याकाळी जलेबीला आत ठेवा. बाकीच्या दिवशी मोकळी सोडली तरी चालेल.

ऑगस्टचे पैसे आधीच पाठवले. जाळीचे वेगळे मागा.

सुमेध


मोरबी, १७ ऑगस्ट

बाबा,

मागचं पत्र पुन्हा वाचलं असेल तुम्ही. रविवारी संध्याकाळीच काहून, हे तुमच्या डोक्यात आलंच असेल.

दीदीनं तुमच्या हाताचा फोटो पाठवला. अंगठ्याला टाके. म्हणाली, जाळी लावायला माणूस यायचा होता तो आला नाही, जलेबी दारातून निसटली आणि भिंतीखालून तंगडीचं हाड तोंडात घेऊन आली. तुम्ही तिचा जबडा फाकून आत हात घातला. हाड काढलं आणि मग तिनं अंगठा धरला. तुम्ही तिला मारलं नाही. उलट तीच कोपऱ्यात जाऊन थरथर कापत बसली आणि तुम्ही रक्ताळलेल्या हातानं तिच्यासमोर फतकल मारून बसले, तोंड उघड म्हणून, आत अजून काही राहिलं का पाहायला. "ज्याचं कुत्रं त्यानं पाहावं" म्हणणारा माणूस.

आता लपवण्यात अर्थ नाही. हाडं श्यामसुंदर भैयाची आहेत.

रविवारी संध्याकाळी अम्मा बायकांसोबत नर्मदेच्या आरतीला ग्वारीघाटला जाते. तेवढा वेळ घर भैयाचं. मी तिथं होतो तेव्हा तो नाक्यावरून तंदुरी आणायचा आणि आपल्या मागच्या पायरीवर बसून खायचा. तुम्हाला दिसायचं नाही, तुम्ही पुढं पेपर घेऊन असायचे. त्याची हाडं मी आपल्याच पुडीत बांधून टाकायचो. बदल्यात एक तंगडी मला. अम्मा यायच्या आत तो साबणानं हात धुवायचा, बडीशेप चावायचा आणि हनुमानजीसमोर अगरबत्ती लावायचा. अम्मा म्हणायची, "मेरा श्याम कितना धार्मिक है, मेरे आने से पहले दिया-बत्ती." मी भिंतीमागे तोंड दाबून हसायचो. कोणाला सांगणार नाही अशी शपथ त्यानं मला नर्मदेत उभं करून घातली होती. आपण नदीची शपथ मानत नाही, पण दिलेला शब्द तर मानतो. म्हणून मागच्या पत्रात कावळे आणि मांजरं लिहिली.

मी त्याला फोन केला. जसं बोलणं झालं तसं लिहितो.

मी म्हटलं, "भैया, इतवार को क्या खाया?"

"लौकी."

"लौकी की टाँग होती है क्या?"

मग बारीक आवाजात, "भाई, अम्मा को मत बताना."

मी म्हटलं, "श्रावण चल रहा है पंडितजी."

"हओ, मालूम है. मत सुना. तू था तो पुड़िया बाँध देता था. तू चला गया, अब मैं क्या करूँ? घर के डिब्बे में डालूँ? अम्मा गीला-सूखा अपने हाथ से छाँटती हैं. नाली में डालूँ तो मोहल्ला देखेगा."

"तो मेरे बाप के आँगन में?"

"अरे मैंने सोचा, तुम्हारे यहाँ तो चलता है."

बाबा, मी भट्टीजवळ उभा होतो. ते "चलता है" मला भट्टीपेक्षा जास्त लागलं. त्यानं वाईट मनानं म्हटलं नाही. तेच वाईट आहे. माझ्या हातची पुडी, माझ्या ताटातली भाकरी, आणि त्याच्या मनात हेच होतं की घाण टाकायला आमचं आंगण चालतं.

मी त्याला खूप बोललो. तो रडला. म्हणाला, "जलेबी को मैंने गोद में खिलाया है, मुझे क्या पता था." मग म्हणाला, आता सोडतो, कसम. त्याची कसम मला माहीत आहे. ती सोमवारपासून शनिवारपर्यंत चालते.

आता तुम्ही ठरवा. अम्माला सांगितलं तर हाडं बंद होतील, जलेबी वाचेल, आणि कचरा गाडीशी जे बोलली ते तिला गिळावं लागेल. तुमचा हक्क आहे. पण अम्मा अन्न सोडेल. बाबूजींच्या फोटोसमोर बसेल आणि उठणार नाही. नाही सांगितलं तर गल्ली आपल्यालाच हाडवाले म्हणत राहील. मी तिथं असतो तर भिंतीवरून उडी मारून हाडांची पुडी त्याच्या हनुमानजीसमोर ठेवली असती. म्हणून बरंच आहे, मी तिथं नाही.

पण मी तिथं असतो तर हाडं पडलीच नसती. हे काल लाइनवर उभ्या-उभ्या डोक्यात आलं आणि मग जाईना.

तुम्ही जे कराल त्यावर मी काही बोलणार नाही.

सुमेध

हाताला पाणी लावू नका. कुत्र्याची सुई वेळेवर घ्या, आपलंच कुत्रं आहे म्हणून टाळू नका.


मोरबी, ५ सप्टेंबर

हे काय करून बसले तुम्ही?

बोलणार नाही म्हटलं होतं, पण मग हे ऐकून राहवत नाही. दीदी सांगताना हसून राहिली होती की रडून, मला कळलं नाही. म्हणे, सकाळी कचरा गाडी आली, सगळ्या बायका बाहेर, अम्मा डबा घेऊन उभी. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून फाटकाबाहेर आले. रिटायरमेंटच्या दिवशीचा सदरा! आणि पट्टी बांधलेल्या हातानं नमस्कार करून, फॅक्टरीत बोलायचे त्या आवाजात, म्हणाले, "भाभीजी, हड्डी मेरे घर की थी. रोटी का कोई दोष नहीं. मुझसे गलती हुई. जलेबी की रोटी फिर शुरू कर दो."

गाडीवाल्यानं गाणं बंद केलं म्हणे.

काहून, बाबा? तुमच्या घरची कोणती हाडं? ज्या घरात पाटा वाळून पडला त्या घरची? लहानपणी मला पुढ्यात बसवून कोण सांगायचं, "कोणासमोर मान खाली घालायची नाही, त्यासाठी बापजाद्यांनी खूप सोसलं आहे"? शाळेत मास्तरानं दप्तर फेकलं तेव्हा तुम्ही अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आले आणि मास्तरासमोर उभे राहिले होते. मी पुढं शाळाच सोडली ती गोष्ट वेगळी, पण तो दिवस मी सोडला नाही. आणि आता नसलेल्या गुन्ह्यासाठी भर गल्लीत हात जोडता? दरवाज्यामागे श्यामसुंदर उभा असेल. त्यानं ऐकलं असेल. त्याला म्हणावं, घे, अजून टाक.

अम्मा काय म्हणाली हेही दीदीनं सांगितलं. आधी काही नाही. मग म्हणाली, "मोतीराम भैया, हाथ में क्या हुआ?" तुम्हाला ऐकू आलं नाही. तिनं स्वतःचा अंगठा धरून दाखवला. तुम्ही जलेबीकडे बोट केलं. अम्मा आत गेली आणि हळद घालून गरम दुधाचा पेला घेऊन आली आणि आपल्या फाटकावर ठेवला. आपला पेला मागून नाही, तिच्या स्वतःच्या पेल्यात.

ते ठीक आहे. ते चांगलं झालं. तरी माझा राग जात नाही.

दुपारची पाळी आहे. जातो. सप्टेंबरचे दोन हजार टाकले. डॉक्टरकडे पुन्हा दाखवा.

सुमेध


मोरबी, ३ ऑक्टोबर

बाबा, जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. मी घर सोडल्यापासूनचं पहिलं. खोलीतल्या पोरांना वाटलं बँकेचं आहे. दोनच ओळी, तुमच्या त्याच अक्षरात, ज्यानं तुम्ही मला पेपरातल्या बातम्या उतरवून काढायला लावायचे, की शाळेत हिंदी शिक, पण घरात लिहायचं मराठीत. "मान खाली घातली नाही. हाड उचलायला वाकलो." बस. खाली सही, मोतीराम. जशी पगाराच्या रजिस्टरवर करायचे.

मी ते उशाखाली ठेवलं. मग काढून पाकिटात ठेवलं. मग पुन्हा वाचलं. मी वाकलो नाही कधी, बाबा. मी प्रत्येक वेळी ताठ उभा राहिलो आणि मग गाव बदललं.

पुढचं दीदीनं सांगितलं. तुम्ही तर लिहिणार नाही.

म्हणे, त्याच्या पुढच्याच रविवारी तुम्ही सकाळी पाटा धुतला. खोबरं भाजलं तो वास भिंतीपलीकडे गेला. संध्याकाळी अम्मा घाटावर निघाली, तिची ऑटो वळली, आणि तुम्ही भिंतीशी जाऊन उभे राहिले. श्यामसुंदर भैया खिडकीत होता. तुम्ही पाच बोटं तोंडाशी नेली, आणि आपल्या स्वयंपाकघराकडे हात केला. तो मान हलवून नाही-नाही करू लागला. तुम्ही म्हणाले, "इतवार को इधर आने का. बैठके खाने का. हड्डी इधर छोड़ने का." परत त्याच आवाजात. दीदी म्हणते, तो धावतच आला, तुम्ही अजून काही बोलू नये म्हणून.

आल्यावर तो तुमच्या पाया पडला. तुम्ही म्हणाले, "पहले हाथ धो."

आता दर रविवारी येतो म्हणे. परवा दीदीनं फोटो पाठवला. पेपर अंथरलेला, मधे रश्श्याचा गंज. एका बाजूला तुम्ही, अंगठ्याची पट्टी निघालेली. दुसऱ्या बाजूला श्यामसुंदर भैया, नाक लाल, डोळ्यातून पाणी, तोंड उघडं ठेवून हवा घेऊन राहिला. कोचिंगवाल्या बाबूचा सगळा रुबाब रश्श्यात गेला. मधे जलेबी. वाळली आहे, पाठीची हाडं दिसतात, पण कान उभे. तिच्यासमोर अम्माची रोटी बारीक कुस्करलेली आणि दोन फोडी. कोपऱ्यात सुतळी तयार.

मी फोटो मोठा करून पाहिला. भैयासमोर जी ताटली आहे तिचा काठ एका जागी चेपलेला आहे. ती माझी आहे. मी लहानपणी ती चाक म्हणून आंगणात पळवायचो, त्यानं चेपली.

मला वाईट वाटायला नको होतं. तुम्ही एका घासात कुत्रं वाचवलं, अम्माचा मान वाचवला, त्या गाढवाला हाडं टाकायला जागा दिली. मी भिंतीवरून उडी मारून यातलं काहीच केलं नसतं. पण त्या दिवशी कॅन्टीनमधे डाळीचं ताट तसंच ठेवून उठलो. माझी ताटली, माझी जागा, माझं कुत्रं, आणि माझा बाप कोणाला तरी "काहून रडतं बे" म्हणून राहिला असेल. म्हटलं का हो? मी दीदीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा जेवताना काही बोलत नाहीत. पण पहिल्या दिवशी ताटल्या मांडताना तीन मांडल्या. मग एक उचलून ठेवली."

हे तिनं सांगायला नको होतं. मी पाळी अर्धी सोडून भट्टीमागे जाऊन बसलो.

अजून एक. दीदी म्हणते, अम्मा आजकाल रविवारी आरती झाल्यावरही घाटावर बसून राहते. पहिल्यासारखी घाईनं परत येत नाही. बायका म्हणतात, चला, तर म्हणते, "बैठो थोड़ी देर, लड़के को खाने दो आराम से." दीदीला वाटतं, अम्मा साध्या जेवणाबद्दल बोलून राहिली, तिला काही माहीत नाही. मला तसं वाटत नाही. जी बाई गीला-सूखा हातानं वेगळं करते, तिला स्वतःच्या पोराच्या हाताचा वास येत नसेल का? तुम्ही गल्लीत हात जोडले तेव्हा ती गप्प का झाली होती, ते मला आता समजून राहिलं. पण हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. ती बोलत नाही, आपणही बोलायचं नाही.

सुपरवायझरकडे सुट्टी मागितली. म्हणाला, "भागेगा तो नहीं?" मी म्हटलं, या वेळी पळायचं असतं तर सांगून गेलो नसतो. मंजूर झाली. अशोक विजयादशमीला दीक्षेचा कार्यक्रम आहे ना आपल्या विहारात, त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी पोचतो. राजकोटहून सोमनाथची गाडी थेट जबलपूरला येते. जाण्याचं तिकीट काढलं, परतीचं नाही. ते तुमचं तोंड पाहून काढीन. तुम्ही म्हणाल तर दुसऱ्या दिवशी निघीन, नाही म्हणाल तर कसं ते बसून बोलू. पाटीवर लिहून बोलू. भांडायचं असलं तरी लिहून भांडू.

कोंबडी मी आणतो. पाटा मी धुतो. श्यामसुंदर भैयाला सांगा, येऊ नको असं नाही, पण सरकून बसायचं, आणि चेपलेली ताटली माझी आहे. जलेबी मला ओळखेल का, ही एकच धास्ती आहे. नाही ओळखलं तर भुंकेल. तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून फाटकाकडे पाहत राहा.

दर महिन्याला तिचे दोन हजार येतात. सहाशे तिकिटाला लागले. म्हणून या वेळी दीदीच्या खात्यात चौदाशेच पाठवून राहिलो.

सुमेध